शेरा

पूल पाडला तेव्हा मी ज्युनिअर इंजिनिअर होतो,
सत्तावीस वर्षांचा, मिशी नवीकोरी,
आणि नागनदीच्या कोरड्या पात्रात उभा राहून
एकेका दगडावर लाल ऑइलपेंटनं आकडा टाकवून घेत होतो.
एक ते दोनशे बारा.
कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. फाइलीत तसं लिहून होतं.
मग दुसरी फाइल आली
आणि मी मापवहीत लिहिलं: 'मलबा. मूल्य निरंक.'
खाली सही.
ट्रक त्याच रात्री लागले.

आता रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
ऊन चढायच्या आत, टेप खिशात टाकून निघतो.
बायको म्हणते, दगडंच शोधायचे तर अंगणातले शोधा,
तिथलंही गवत काढायचं राहिलंय.

कमानीचा दगड सरळ भिंतीत लपत नाही.
तो एका अंगानं निमुळता, पाचरीसारखा,
शेजाऱ्यावर रेलण्यासाठीच घडवलेला.
सरळ भिंतीत त्याचं हे रेलणं वाया जातं.
एका बाजूला फट उरते
आणि गवंडी ती सिमेंटनं बुजवतो, जरा चिडूनच.
मी ती चीड शोधत फिरतो.

लकडगंजात आरागिरणीच्या कुंपणात सात मिळाले,
छप्पन्नच्या शेजारी एकशे नव्वद,
पुलावर ज्यांची कधी गाठ पडली नसती.
गोळीबार चौकामागे पानठेल्याखाली एक;
चुन्याचे थर इतके, की आकडा बोटानं वाचला.
एक धकात्यांच्या घरी, मागाच्या खड्ड्यात.
माग केव्हाच विकला. खड्ड्यात आता गव्हाची कोठी,
पण विणताना टाच जिथं टेकायची
तिथं दगडाला खळगा पडलाय, उजव्या पायाचा जास्त.

मोमिनपुऱ्यात इद्रीस मिस्त्रींनी तर न बघताच सांगितलं.
हातोडीची मूठ हलकेच वाजवली, कान लावला.
'कामठीकडचा आहे साहेब. हा बोलत नाही, खाकरतो.
आणि मे महिन्यात रात्री तीनपर्यंत गरम राहतो,
याच्यावर कुत्रंही झोपत नाही.'

एकोणनव्वद सापडले. बाकीचे कुठं गेले?
काही प्लॉटिंगच्या भरावात, काही फोडून गिट्टी झाले असतील.
तीन कमानींचे तीन कळीचे दगड;
त्यातला एकच मिळाला, टिमकीत,
कौतिकाबाई निनाव्यांच्या मोरीत, पालथा.
आकडा खाली गेलेला. मी मापावरून ओळखला:
वर सोळा इंच, खाली अकरा.

'सरकारी हाय काय हा गोटा? नेता का जी?'
'नाही बाई.'
'मंग मोजून राहिले कायले?'
मला उत्तर सुचेना, म्हणून खरं ते सांगितलं:
पूल, लाल आकडे, माझी सही, निरंक.
त्यांनी ओला हात कपाळावरून फिरवला.
'माह्या मालकानं आणला होता हा, सायकलरिक्षावर टाकून.
रिक्षाचं चाक वाकलं. पंधरा रुपये भरून द्या लागले.
त्या पैशात पोरीची चप्पल येणार होती.
तीन दिवस बोलली नाही मी त्यांच्यासंग.
अन् तुमी म्हणता, मोल काहीच नाही.'

मापवही तर कचेरीत जमा. कदाचित वाळवीलाही.
माझ्याकडे शाळेची शंभर पानी वही आहे, चार रकाने आखलेली,
शेवटचा रकाना शेऱ्याचा,
आणि तो आजवर कोराच ठेवत आलो होतो.
तिथंच उकिडवा बसून लिहिलं:
चाक एक. रुपये पंधरा. चप्पल, लहान मापाची, न आलेली.
अबोला, दिवस तीन.

'झालं का लिहून?' त्या बादली उचलत म्हणाल्या.
'सरका मंग तिकडं.
शितोडे उडतीन.'